तंबू उठल्यानंतर : सर्कशीच्या आठवणी आणि मराठी वाङ्मय

आठवणी लिहिण्याची हौस मराठी माणसाला फार. नटांनी लिहिल्या, गवयांनी लिहिल्या, शिक्षकांनी आणि समाजसेवकांनी लिहिल्या. गणपतराव बोडसांच्या 'माझी भूमिका'पासून हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'पर्यंत रंगभूमी आणि रजतपटावरील माणसांनी आपले सुखदुःख वाचकांपुढे मांडले. १९८० साली लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने, ज्यांना गाव नाही अशा माणसांचे जिणे मराठी आत्मकथनात आणले. या भरलेल्या घरात एक कोनाडा मात्र जवळजवळ रिकामा राहिला आहे. तो सर्कशीचा.

ही उणीव अन्य प्रांतात असती तर समजण्यासारखी होती. परंतु भारतीय सर्कशीचा पाळणा आपल्याच कृष्णाकाठी हलला. सांगलीजवळच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाड संस्थानाच्या पदरी असलेले अश्वविद्येचे जाणकार. कियारिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस त्यांनी पाहिली आणि १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, तासगावच्या परशुराम माळींची निघाली, कार्लेकरांची निघाली. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, त्याच सांगलीच्या परिसराने सर्कसही वाढवली. नाटकाचा इतिहास मात्र आपण शतकभर लिहीत आलो आणि सर्कशीचा तंबू उठताच तिला विसरून गेलो.

असे का व्हावे? नाटकाला संहिता असते. प्रयोग संपला तरी पुस्तक उरते. गवयाला शिष्य असतो. विष्णुपंतांच्या सर्कशीशी जोडलेले एक नाव मराठी रसिकांना आजही ठाऊक आहे, ते रहिमतखाँ या थोर गवयाचे. मनाने विस्कटलेल्या या कलावंताला विष्णुपंतांनी सांभाळले आणि खाँसाहेबांनी १९२२ साली कुरुंदवाडलाच देह ठेवला. ही आठवण टिकली, कारण संगीताला तिचे बखरकार लाभले. झोपाळ्यावरून दुसऱ्याच्या हातांकडे झेप घेणाऱ्या माणसाची कला त्याच्या देहातच असते. देह थकला की मागे पुस्तक उरत नाही आणि घराणेही उरत नाही. शिवाय सुशिक्षित मराठी समाजाने सर्कस ही मुलांना दाखवण्याची गोष्ट मानली, वाचण्याची किंवा लिहिण्याची मानली नाही.

या रिकाम्या कोनाड्यात दामू धोत्रे यांचे आत्मकथन तेवढे ठळकपणे दिसते. १९०२ साली पुण्यात जन्मलेला एक गरीब घरचा मुलगा मामांच्या, म्हणजे शेलारांच्या, सर्कशीत शिरतो. कसरती आणि सायकलीचे खेळ करीत तो हिंस्र श्वापदांच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचतो. तेथून युरोपात आणि १९४० साली अमेरिकेतील विख्यात रिंगलिंग सर्कशीत जातो. ही कहाणी १९६१ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. मराठी वाचकांना ती 'वाघसिंह माझे सखेसोबती' या नावाने परिचित आहे. जनावराला धाक दाखवण्यापेक्षा त्याचा विश्वास संपादन करावा, ही धोत्र्यांची धारणा. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाची सावध, प्रेमळ नजर हे या कथनाचे खरे बळ होय. तथापि पुस्तकाच्या नावातच त्याची मर्यादाही सुचवलेली आहे. सखेसोबती वाघसिंह आहेत. हा विजेत्याचा आणि शिक्षकाचा दृष्टिकोन झाला. तंबूच्या दोरांना हात लावणारे, खुंट्या ठोकणारे, पावसात भिजून जड झालेले कापड मध्यरात्री उतरवणारे जे शेकडो हात असतात, त्यांची बाजू एकट्या रिंगमास्तराने सांगावी ही अपेक्षाही योग्य नव्हे. ती त्यांनीच सांगावयास हवी होती.

या बाबतीत केरळचे उदाहरण आपल्याला अंतर्मुख करणारे आहे. विष्णुपंतांची सर्कस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तलश्शेरीला गेली. तेथील व्यायामशिक्षक कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी तिच्यापासून स्फूर्ती घेतली आणि सर्कशीसाठी कसरतपटू घडवण्यास आरंभ केला. बीज कृष्णाकाठचे, पण पीक मलबारात आले. विशेष म्हणजे मल्याळी समाजाने नुसत्या सर्कशी चालवल्या नाहीत, त्यांना साहित्यात आणि चित्रपटांतही जागा दिली. स्वतः सर्कशीत वावरलेल्या श्रीधरन् चंपाड यांनी त्या जीवनावर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. अरविंदन् यांच्या 'तंप' (१९७८) या चित्रपटात खऱ्या सर्कशीतील माणसे स्वतःविषयी बोलतात. कॅमेरा खेळापेक्षा खेळ पाहणाऱ्या ग्रामस्थांच्या चेहऱ्यांवर अधिक रेंगाळतो. तंबू उठून जातो, आणि प्रेक्षकाच्या मनात आनंदाऐवजी हुरहुर ठेवून जातो. आपल्याकडे असे का घडले नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेने अद्याप नीट विचारलेला नाही.

आणखी एक तपशील पाहावा. सर्कशीच्या इतिहासांत अर्धी ओळ वारंवार भेटते : विष्णुपंत घोड्यावरची कामे करीत, तर त्यांची पत्नी झोपाळ्यावरची. १८८० च्या महाराष्ट्रात, ज्या काळी स्त्री नाटकाच्या रंगमंचावरही सहसा येत नसे, त्या काळी एका घरंदाज स्त्रीने हजारो डोळ्यांसमोर उंच झोपाळ्यावर जावे, ही केवढी विलक्षण गोष्ट! तिला भय वाटले असेल काय? नातलगांनी काय म्हटले असेल? एका कादंबरीचा ऐवज असलेले हे आयुष्य बहुतेक ठिकाणी 'छत्र्यांची पत्नी' या दोन शब्दांत आटोपते.

सर्कशीच्या आठवणी लिहावयाच्या तर त्या केवळ गौरवाच्या असून भागणार नाही. १९९८ साली केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०११ साली त्याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना राबवण्यास मनाई करण्याचे आदेश दिले. या निर्णयांमागे जनावरांचे आणि लेकरांचे हाल होते. त्याचबरोबर हेही खरे की, अनेक पोरक्या जिवांना तंबूनेच अन्न, विद्या आणि आपली माणसे दिली. केवळ रम्य आठवणी लिहिणारा लेखक त्या मुलाच्या सुजलेल्या मनगटाकडे पाठ फिरवतो. केवळ आरोप लिहिणारा त्याच मुलाच्या डोळ्यांतील पहिल्या टाळीचे तेज पुसून टाकतो. दोन्ही एकाच पानावर मांडण्याचे धैर्य ज्याच्याकडे असेल, त्याचेच पुस्तक टिकेल.

ते धैर्य मराठीला परके नाही. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातील माने यांनी गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड लिहिताना त्यातील भूक लपवली नाही, आणि माया व जिद्दही लपवली नाही. 'उपरा' हा या लेखनाचा आदर्श ठरावा. लिहिता येत नाही ही सबबही पुरेशी नाही. 'सांगत्ये ऐका' हे अरुण साधूंनी हंसाबाईंचे बोलणे ऐकून उतरवले, तरी प्रत्येक पानावर आवाज हंसाबाईंचाच ऐकू येतो. आपल्याला उणीव आहे ती शांतपणे ऐकणाऱ्याची. सांगणारे आजही आहेत.

वाचकहो, हा विषय आपल्या घरांपासून दूर नाही. सर्कशींच्या बँडमध्ये गोव्याकडील कित्येक ख्रिस्ती वादकांनी ट्रम्पेट आणि ड्रम वाजवले. झोपाळ्यावरील माणूस हवेत असताना संपूर्ण तंबूचा श्वास त्या ड्रमच्या घुमण्यावर अडकलेला असे. त्या वादकांपैकी कोणाचा नातू, कोणाची पुतणी आज आपल्या धर्मग्रामांत असेल. फिरत्या माणसाला कायमचे धर्मग्राम नसते. त्याचा बाप्तिस्मा एका गावी, विवाह दुसऱ्या गावी आणि दफन तिसऱ्याच गावी होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या जून महिन्यात सर्कस व जत्रांमधील कलावंतांना रोममध्ये बोलावून त्यांचे स्वागत केले, ते अशा माणसांनाही मानाचे आसन असते हे जाणूनच.

सातारा आणि सांगलीच्या परिसरात तंबूत आयुष्य घालवलेली वृद्ध माणसे आपल्याला ठाऊक असतील, तर त्यांच्यापाशी बसावे. त्यांना मालकाचे नाव आणि वाघांची संख्या विचारून थांबू नये. पहिल्यांदा जाळ्यात पडलात तेव्हा कोणी उचलले, पगार कोणाच्या हाती जाई, आजारपणात कोण उशाशी बसे, हे विचारावे. उत्तरे जशीच्या तशी, त्यांच्याच मिश्र बोलीत उतरवून घ्यावीत. त्यांवर अलंकार चढवू नयेत. मराठी वाङ्मयातील तो रिकामा कोनाडा भरेल तो अशाच साध्या कागदांनी.