गोंगाटामागच्या जागा

रामोन्सचा पहिला अल्बम हेडफोन लावून ऐकला की डाव्या कानात बेस आणि उजव्या कानात गिटार अशी सरळ वाटणी झालेली कळते. मध्ये ड्रम आणि जोई रामोनचा गळा. एक कान झाकला की अर्धा बँड नाहीसा होतो. हा अल्बम एप्रिल १९७६मध्ये आला. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या स्टुडिओत सुमारे ६,४०० डॉलरांत तो झाला. गाणी चौदा, एकूण वेळ जेमतेम २९ मिनिटे. त्या काळी मोठे रॉक बँड एकेका अल्बमवर महिनोन्‌महिने घालवत होते.

गेले काही महिने मी १९७६ ते १९७९ या चार वर्षांतले पंक आणि न्यू वेव्हचे अल्बम प्रसिद्धीच्या क्रमाने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले. विशीत यांतले बरेच ऐकले होते, पण तुकड्यातुकड्यांनी. तेव्हा मनात जी ओळख बसली ती सर्वांचीच असते: तीन कॉर्ड, प्रचंड वेग, राग, आरडाओरडा. सलग ऐकताना ही ओळख हळूहळू सुटत गेली. या चार वर्षांत या मंडळींना खरी सापडलेली गोष्ट म्हणजे दोन आवाजांमधली मोकळी जागा, असे मला आता वाटते. मराठी श्रोता गाण्यातल्या जागा टिपतो, त्यांना दाद देतो. इथे तो शब्द अगदी शब्दशः घ्यायचा: जिथे काहीच वाजत नाही अशी जागा.

म्हणूनच सेक्स पिस्टल्सचा ‘नेव्हर माइंड द बोलॉक्स’ हा पंकचा सर्वोच्च अल्बम मानायला मी तयार नाही. ऑक्टोबर १९७७मध्ये तो येईपर्यंत बँडला ईएमआय आणि ए अँड एम या दोन कंपन्यांनी बाहेर काढले होते. मुखपृष्ठावरच्या शब्दामुळे नॉटिंगहॅमच्या एका दुकानदारावर खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. हा सगळा इतिहास रोमांचक आहे. पण तबकडी कानाने तपासली तर या काळातली ती सर्वांत भरगच्च, सर्वांत बंदिस्त तबकडी ठरते. निर्माता ख्रिस थॉमस. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या मिक्सिंगमध्ये त्याचा हात होता. स्टीव्ह जोन्सची गिटार त्याने थरावर थर चढवत मुद्रित केली. सिड व्हिशसला बेस धड वाजवता येत नसल्यामुळे बराचसा बेसही जोन्सनेच वाजवला, आणि तो गिटारच्या मागोमाग चालतो. परिणामी समोर एक भिंत उभी राहते, भक्कम आणि गुळगुळीत. वाद्यांच्या बाबतीत हे जुनेच हार्ड रॉक आहे, उत्तम प्रतीचे. नवा आहे तो जॉनी रॉटनचा आवाज. शब्दाचे शेवटचे अक्षर तो ज्या तिरस्काराने ताणतो, ‘र’ ज्या पद्धतीने तोंडात घोळवतो, तसे त्याआधी रॉकमध्ये कोणी गायले नव्हते. भिंत जुनी आणि तिच्यावर लिहिलेली घोषणा नवी, असा तो अल्बम आहे. डॅम्डचा पहिला अल्बम, फेब्रुवारी १९७७चा, ब्रिटिश पंकचा पहिला म्हणून महत्त्वाचा. त्यात दम आहे. पण पुन्हा ऐकायची ओढ मला लागली नाही.

जागेची गोष्ट क्लॅशच्या पहिल्या अल्बमपासून सुरू होते. एप्रिल १९७७. पातळ, कर्कश, घाईत केलेले ध्वनिमुद्रण. एक-दोन मिनिटांची गाणी धडाधड संपत असताना अचानक सहा मिनिटांचे ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ लागते आणि सगळा अल्बम श्वास घेतो. मूळ गाणे जमैकाच्या ज्युनियर मर्विनचे, निर्माता ली पेरी, साल १९७६. क्लॅशने रेगेची नक्कल करण्याचे टाळले. एक गिटार मात्रेवर आणि दुसरी मात्रेच्या मधल्या अर्ध्यावर, अशी मांडणी त्यांनी केली. त्यामुळे रेगेचा लोंबता ठेका जाऊन त्या जागी एक ताठ, अस्वस्थ चाल आली.

हे गाणे त्यांच्याकडे आले कसे? लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या रॉक्सी क्लबात डॉन लेट्स हा जमैकन आईबापांचा मुलगा तबकड्या लावत असे. पंकच्या तबकड्या तेव्हा फारशा निघालेल्याच नव्हत्या. मग बँडच्या मधल्या वेळात तो रेगे आणि डब लावायचा. किंग्स्टनमध्ये किंग टबी मिक्सिंगचे यंत्रच वाद्यासारखे वापरत होता. तयार गाण्यातून तो गायकाचा आवाज काढून घ्यायचा, गिटार काढून घ्यायचा, बेस आणि ड्रम तेवढे उरवायचा; मग गेलेल्या आवाजाचा एखादा तुकडा प्रतिध्वनीत भिजवून क्षणभर परत आणायचा. डब म्हणजे वजाबाकीचे संगीत. वाद्य नीट न येणारी विशीतली गोरी पोरे रात्रीमागून रात्री हे ऐकत होती. आपल्याला कमी येते हा दोष मानायचे कारण नाही, हे त्यांना तिथे कळले असणार.

हा केवळ संगीताचा व्यवहार नव्हता. ऑगस्ट १९७६मध्ये नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये काळी तरुण मुले आणि पोलीस यांच्यात दंगल झाली, तेव्हा क्लॅशचे जो स्ट्रमर आणि पॉल सिमनन तिथे हजर होते. त्याच उन्हाळ्यात साउथॉलमध्ये गुरदीपसिंग छग्गर या तरुणाचा खून झाला, आणि बर्मिंगहॅमच्या मंचावरून एरिक क्लॅप्टनने स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. त्यातून रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ला ट्रॅफल्गर चौकातून निघालेला मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कवर पोहोचला. तिथे क्लॅश, एक्स-रे स्पेक्स आणि स्टील पल्स एकाच मंचावर वाजवून गेले. एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरीन सोमाली वडील आणि ब्रिटिश आईची मुलगी. तिच्या ‘जर्मफ्री अ‍ॅडोलेसेंट्स’ या १९७८च्या अल्बममध्ये प्लॅस्टिक, जाहिराती, दुकाने यांच्याविषयी ती ज्या टिपेत गाते, ती मला पिस्टल्सपेक्षा कितीतरी अधिक हादरवते. तिच्या शेजारी सॅक्सोफोन वाजतो आणि दोघांतले कोण जास्त किंचाळते हे ठरवता येत नाही.

मात्र सगळ्याच वाटा डबमधून जात नाहीत, आणि हे मान्य केले नाही तर माझा मुद्दा खोटा पडेल. वायर या लंडनच्या बँडचा ‘पिंक फ्लॅग’ (१९७७) सुमारे ३५ मिनिटांत एकवीस गाणी संपवतो. त्यांतले एक तर अर्ध्या मिनिटाचेही नाही. शब्द संपले की गाणे संपले, असा त्यांचा नियम. ध्रुवपद एकदा आले, पुरे, पुन्हा कशाला? पहिल्या ऐकण्यात ही गाणी अर्धवट वाटतात. तिसऱ्या ऐकण्यात लक्षात येते की आपल्याला ज्या पुनरावृत्तीची सवय होती तेवढीच यातून काढलेली आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी जानेवारी १९७७मध्ये सुमारे ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ स्वतःच काढली. त्यातल्या ‘बोरडम’मध्ये गिटारच्या एकल वादनाची वेळ येते तेव्हा पीट शेली दोनच स्वर पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. वेष्टनावर कोणते गाणे कितव्या प्रयत्नात झाले, वरून काय जोडले, हेही छापलेले. आपल्याकडच्या साठीतल्या सायक्लोस्टाइल अनियतकालिकांशी ज्यांची ओळख आहे त्यांना हा उघडेपणा लगेच कळेल: हे आम्ही असे केले, तुम्हीही करा.

न्यूयॉर्कची तऱ्हा निराळी. टेलिव्हिजनच्या ‘मार्की मून’मध्ये (१९७७) टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड यांच्या गिटारी एकमेकींवर न चढता बोलतात. शीर्षकगीत दहा मिनिटांच्या घरात जाते, तरी एकही क्षण फुगवलेला नाही. वेग आणि राग हीच पंकची खूण मानली तर बावरीवरच्या सीबीजीबी क्लबातला हा बँड पंक ठरतच नाही. संयम ही खूण मानली तर तो अगदी मध्यभागी येतो. न्यू वेव्ह हे नाव बाजाराच्या सोयीसाठी पुढे केले गेले. पंक म्हटले की अमेरिकेतली रेडिओ स्टेशने दचकत होती. त्या नावाखाली आलेल्या ब्लाँडीचा ‘पॅरलल लाइन्स’ (१९७८) निखळ आनंदाचा आहे, एल्व्हिस कॉस्टेलोचे पहिले तीन अल्बम शब्दांसाठी ऐकावेत. टॉकिंग हेड्सचा ‘फिअर ऑफ म्युझिक’ (१९७९) मात्र या गोष्टीतला महत्त्वाचा टप्पा आहे. त्यात टीना वेमथचा बेस पुढे सरकला आणि डेव्हिड बर्न त्या बेसभोवती घाबरलेल्या माणसासारखा फिरू लागला.

आता १९७९च्या सप्टेंबरपाशी थांबतो, कारण माझ्या मते या सगळ्या चार वर्षांचे फळ तिथे आहे. स्लिट्सचा ‘कट’. एरी अप चौदा वर्षांची असताना या मुलींनी बँड सुरू केला. १९७७मध्ये त्या क्लॅशबरोबर दौऱ्यावर होत्या, जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमासाठी वाजवले, पण अल्बम निघायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत त्या वाजवायला शिकल्या, आणि शिकल्या ते रेगेच्या बेसकडून. निर्माता डेनिस बोव्हेल. बार्बाडोसमध्ये जन्मलेला, लंडनच्या मटुम्बी या रेगे बँडचा वादक. टेसा पॉलिटचा बेस गाण्याचा पाया धरतो. व्हिव्ह अल्बर्टीनची गिटार त्यावर टाचण्या टोचावी तशी येते आणि जाते. ‘न्यूटाउन’मध्ये काडी पेटवल्याचा आणि चमचा पडल्याचा आवाज ठेक्यातच बसवला आहे. इतकी मोकळी जागा नसती तर तो चमचा ऐकूच आला नसता. तीन मुली एकमेकींच्या ओळीत ओळ घालतात, हसतात, चिडवतात, मध्येच सोडून देतात. रॉकमध्ये बाईने गायचे म्हणजे एक तर गोड किंवा उन्मत्त, हा समज त्यांनी काही न बोलता बाजूला ठेवला. बोव्हेलचे नाव या अल्बमच्या कौतुकात अजूनही पुरेसे घेतले जात नाही, ही मला बोचणारी गोष्ट आहे. गोऱ्या पंकने काळ्या संगीताकडून घेतलेल्या ऋणाची चर्चा होते, तीही बहुधा क्लॅशच्या उदारपणाची कहाणी म्हणून. कन्सोलसमोर बसलेला माणूस त्यात हरवतो.

‘लंडन कॉलिंग’ डिसेंबर १९७९मध्ये आला. दोन तबकड्या, एकोणीस गाणी, एका तबकडीच्या किमतीत. तो मला मनापासून आवडतो. पण रॉकअबिली, सोल, ब्रास, जॅझ असे सगळे जुने घर त्यात परत आणले आहे, भरलेले घर. त्याच्या काही आठवडे आधी पिस्टल्समधून बाहेर पडलेल्या रॉटनने, आता जॉन लायडन या खऱ्या नावाने, पब्लिक इमेज लिमिटेडचा ‘मेटल बॉक्स’ काढला. ४५च्या गतीच्या तीन तबकड्या पत्र्याच्या गोल डब्यात. जाह वॉबलचा बेस छातीत जाणवतो, कीथ लेव्हीनची गिटार पत्रा कापावा तशी, आणि लायडनचा आवाज कुठल्यातरी लांबच्या खोलीत. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या पाठीमागे भिंत होती त्याच्याभोवती आता सगळी पोकळी आहे. ‘स्पायरल स्क्रॅच’चा निर्माता मार्टिन हॅनेट याने त्यानंतर दोन वर्षांनी स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत जॉय डिव्हिजनचा ‘अननोन प्लेझर्स’ असाच केला. स्टीफन मॉरिसकडून ड्रमचा एकेक भाग वेगळा वाजवून घेतला, डिजिटल डिलेमधून काढला, आणि मैफलीत जोरकस वाजणाऱ्या बँडला थंड, रिकाम्या गोदामात नेऊन ठेवले. बँडमधल्या काहींना तो आवाज तेव्हा मुळीच रुचला नव्हता. इयन कर्टिसचा आवाज आज ज्या एकटेपणासाठी आठवतो, त्यात हॅनेटच्या त्या गोदामाचा वाटा मोठा आहे.

नंतरच्या अनेक बँडनी पंककडून वेग उचलला. वजाबाकी थोड्यांनीच उचलली. आता तर काही नव्या आवृत्त्यांमध्ये आवाजाची पातळी इतकी चढवलेली असते की दोन ठोक्यांमधली शांतताच बुजून जाते. शक्य असेल त्याने हे अल्बम जुन्या तबकडीवरून ऐकावेत. ते जमत नसेल तर निदान जुनी सीडी शोधावी.

गँग ऑफ फोरचा ‘एंटरटेनमेंट!’ही १९७९चाच. लीड्स विद्यापीठाच्या परिसरातून आलेल्या या बँडमध्ये अँडी गिल गिटारच्या एकल वादनाच्या जागी चक्क थांबायचा. बेस आणि ड्रम चालू, गिटार गप्प, आणि ऐकणाऱ्याचा कान ती शोधत राहतो. अल्बमचे शेवटचे गाणे ‘अँथ्रॅक्स’. सुरुवातीला गिटारचा लांबलचक फीडबॅक, मग ड्रम. त्यानंतर जॉन किंग गाऊ लागतो, आणि त्याच वेळी गिल सपाट, बोलक्या सुरात प्रेमगीते लोक का लिहितात याविषयी काहीतरी सांगत राहतो. दोघे एकमेकांसाठी थांबत नाहीत. एकाकडे कान दिला की दुसरा निसटतो. मी ते गाणे एका रात्री चार वेळा लावले. दोनदा फक्त गिलसाठी, दोनदा किंगसाठी. पाचव्यांदा दोघांच्याही मधून बेस ऐकला.