तहाचा जमाखर्च

अर्थशास्त्रज्ञाचे पुस्तक दिवाळीच्या सुटीत वाचा, असे सुचविले तर घरातील मंडळी हसतील. पण जॉन मेनार्ड केन्सचे ‘द इकॉनॉमिक कॉन्सिक्वेन्सेस ऑफ द पीस’ हे शंभर वर्षांहून जुने पुस्तक हाती घेतले की खाली ठेववत नाही. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसला तहाची बोलणी चालली होती, तेव्हा केन्स ब्रिटिश अर्थखात्यातर्फे तेथे होता. जर्मनीवर लादावयाच्या भरपाईचे आकडे पाहून तो उद्विग्न झाला आणि जून १९१९ मध्ये राजीनामा देऊन परतला. २८ जूनला व्हर्सायच्या आरसेमहालात तहावर सह्या झाल्या. डिसेंबरात हे पुस्तक निघाले.

लोकांनी ते डोक्यावर घेतले, ते त्यातील व्यक्तिचित्रांमुळे. हातांत करडे मोजे घालून, डोळे मिटून बसलेला म्हातारा क्लेमांसो आणि मुत्सद्द्यांच्या कोटिक्रमात भांबावलेला अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन! माझे भांडण येथेच आहे. विल्सनचे चित्र इतके ठसठशीत उतरले आहे, की एका माणसाच्या मंदपणामुळे तह बिघडला, अशी वाचकाची समजूत होते. लॉइड जॉर्जचेही चित्र केन्सने रेखाटले होते. ते मात्र त्याने छापताना गाळले आणि १९३३ साली प्रसिद्ध केले. हा पंक्तिप्रपंच नव्हे काय?

खरी गोडी आहे ती घरसंसाराच्या पानांत. १९१४ पूर्वीचा लंडनचा गृहस्थ अंथरुणात चहा पीत पीत टेलिफोनवरून जगभरचा माल मागवीत असे आणि हे असेच चालायचे, असे धरून चाले. तो डोलारा कोसळल्यावर काय झाले? खाणीतून पुरेसा कोळसा नाही, म्हणून आगगाड्या धड नाहीत. आगगाड्या नाहीत, म्हणून शहरात धान्य नाही. आकड्यांना एवढा जिवंतपणा क्वचितच लाभतो.

जर्मनी फार तर २०० कोटी पौंड देऊ शकेल, हा केन्सचा हिशेब. एतिएन मांतू या तरुण फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने त्याला पुस्तकभर उत्तर दिले. हिटलरने शस्त्रास्त्रांवर ओतलेला पैसा पाहता भरपाई झेपण्यासारखी होती, असे तो म्हणतो. पुस्तक १९४६ साली निघाले. मांतू त्याआधीच, एप्रिल १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात कामी आला होता.

आपल्याला आणखी एक उणीव जाणवते. केन्सने उमेदीची दोन वर्षे इंडिया ऑफिसात काढली होती, हिंदुस्थानच्या चलनावर १९१३ साली ग्रंथही लिहिला होता. तरी त्याच्या या जमाखर्चात हिंदुस्थानच्या मागणीचे खातेच नाही. तहावर हिंदुस्थानच्या नावाने सह्या केल्या, त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. काँग्रेसने प्रतिनिधी म्हणून निवडले असूनही सरकारने त्यांना पॅरिसला जाऊ दिले नाही. तेव्हा त्यांनी हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी पत्राने क्लेमांसोकडे धाडली.