आठवणींचा हजेरीपट

गेल्या काही वर्षांत आमच्या टेबलावर स्मरणिकांचा एक लहानसा ढीग साचला आहे. अमरावती आणि अकोला येथील महाविद्यालयांतून नव्वदीच्या दशकात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मित्रमंडळींनी पंचविसाव्या वा तिसाव्या वर्षी स्नेहमेळावे भरवले, आणि मेळावा म्हटला की स्मरणिका ओघाने आलीच. यांपैकी काही अंक आमच्या धर्मग्रामातील मंडळींनी प्रेमाने आणून दिले. एका अंकात तर आमचाच एक लेख आहे. स्मरणिका कोणी साहित्य म्हणून वाचत नाही. छायाचित्रांवरून नजर फिरवायची, आपले नाव शोधायचे आणि अंक कपाटात ठेवून द्यायचा, हा सर्वसाधारण रिवाज. परंतु वऱ्हाडातील एका पिढीने स्वतःविषयी लिहिलेले बरेचसे गद्य आज या अंकांतच आहे. तेव्हा त्याकडे समीक्षेच्या नजरेने पाहावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम पार्श्वभूमी. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले. १९९८ साली अकोल्यातून वाशीम वेगळा झाल्यावर ते पाच झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ मात्र १९६९ पासूनचे, आणि अमरावतीचे विदर्भ महाविद्यालय तर १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेले. म्हणजे नव्वदीच्या विद्यार्थ्याचे महाविद्यालय अनेकदा जुने असे आणि विद्यापीठ कोवळे. २००५ मध्ये या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. आमच्या पिढीच्या पदवीपत्रावर जे नाव छापले आहे, त्या नावाने ते विद्यापीठ आज ओळखले जात नाही. स्मरणिकांतील हळवेपणाचा एक धागा येथेही असावा.

या लेखनाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. तपशिलांच्या बाबतीत ते अतिशय श्रीमंत आहे. मूर्तिजापूरला शकुंतलेच्या डब्यातून उतरून पुढची गाडी गाठण्याची धावपळ, एसटीचा मासिक पास, उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत ओले पंचे डोक्यावर घेऊन केलेला अभ्यास, राजकमल चौकातील गर्दी, गिलावड्याची पुडी, एसटीडी बूथवर रात्री दर कमी होण्याची वाट पाहत उभी राहिलेली रांग, खानावळीच्या वहीतील खाडे. हे सारे इतक्या प्रत्ययकारी रीतीने उतरले आहे की उद्याच्या इतिहासकाराने या अंकांचे आभार मानावेत. विशेषतः स्त्रियांचे लेख आम्हांस अधिक सरस वाटले. पुरुष लेखक आपल्या टोळीविषयी लिहितात. स्त्रिया फाटक बंद होण्याच्या वेळेविषयी, शेवटच्या एसटीविषयी, आणि बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाआधीच ठरलेल्या लग्नांविषयी लिहितात. त्यांच्या लेखनात हसू कमी आहे, पण माणसे अधिक आहेत.

आता दोष. बहुतेक लेखांचा साचा एकच आहे. प्रारंभी ‘ते मंतरलेले दिवस’, मध्ये दोन फजितीचे प्रसंग, एका कडक परंतु मायाळू प्राध्यापकांचे स्मरण, एक न बोललेले प्रेम, आणि शेवटी ‘गेले ते दिवस, राहिल्या त्या आठवणी’. मराठीत अशा लेखनाला ‘स्मरणरंजन’ हा नेमका शब्द आहे. रंजन करणे हा काही गुन्हा नव्हे. पन्नाशीच्या माणसाने आपल्या विशीकडे पाहून सुखावून जावे, यात गैर ते काय? आमचा आक्षेप वेगळा आहे. रंजनाला जे सोसत नाही ते स्मरणातून काढून टाकले जाते, आणि उरलेल्यालाच आपण ‘तो काळ’ म्हणू लागतो.

भाषेपासूनच पाहा. त्या दिवसांत आमचे सारे भांडण, सारे प्रेम, सारी उधारी वऱ्हाडीतून चाले. ‘काऊन बे, कुठी चालला?’ या प्रश्नावाचून दिवस उजाडत नसे. स्मरणिकेत मात्र हे मित्र एकमेकांशी पुण्याच्या प्रमाण मराठीत बोलतात. वऱ्हाडी उरते ती खानावळवाल्याच्या, शिपायाच्या किंवा खेड्यातून नव्याने आलेल्या बुजऱ्या पोराच्या तोंडी, आणि तीही विनोदापुरती. लेखक स्वतः मात्र जणू जन्मतःच प्रमाण भाषा बोलत होता. ज्या भाषेत आठवण घडली ती भाषाच वगळली, तर आठवणीतले कितीसे शिल्लक राहणार?

दुसरे मौन काळाविषयी आहे. १९९० साली मंडल आयोगाच्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या, तेव्हा एकाच बाकावर बसणाऱ्यांत बोलणे बंद झाले होते. डिसेंबर १९९२ मध्ये गावोगावी भीती पसरली होती. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा आमच्या खोल्यांतून आनंद आणि अबोला हे दोन्ही शेजारी शेजारी नांदले. याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका थांबल्या, आणि १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला. कायदा करावा लागला, याचा अर्थ काही घडत होते. आमच्या ढिगातील अंकांत यांपैकी कशाचाही जवळजवळ उल्लेख नाही. रॅगिंग येते ते ‘गंमत’ म्हणून, आणि तेही ज्यांनी केले त्यांच्या लेखणीतून.

तिसरे मौन आम्हांस सर्वांत जड वाटते, आणि ते पैशाविषयी आहे. वऱ्हाडात शिक्षणाचा खर्च कापसाच्या बोंडातून निघत असे. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस खरेदी केंद्रावर घालायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. चुकारा लांबला की खानावळीचे पैसे लांबत, खोलीचे भाडे थकत, परीक्षेचा अर्ज विलंब शुल्कासह भरावा लागे. कधी तो भरलाच जात नसे. नोकरदाराच्या मुलाचा महिना तीस दिवसांचा होता, शेतकऱ्याच्या मुलाचे वर्ष मात्र एका हंगामाचे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांपैकी पाच जिल्हे याच विद्यापीठाच्या कक्षेतील होते. त्या घरांतील काही मुले आमच्यासोबत बाकावर बसली असणार. स्मरणिकेत ती कोठे आहेत? लेखक बहुधा तोच, ज्याची नाव पैलतीरी लागली. मेळाव्याला येण्याचे भाडे, वर्गणी आणि अंगावर घालायला बरे कपडे ज्याच्यापाशी आहेत, त्याचीच आठवण छापली जाते.

विद्यार्थिदशेविषयी लिहिण्याची दुसरी रीत मराठीला अपरिचित नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो आणि परत येतो, तो यशाची मोहर घेऊन नव्हे. म्हणूनच त्याचे वसतिगृह आपणांस खरे वाटते. आमच्या प्रांताच्या अधिक जवळची आहे ती सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२). तिला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ उच्च शिक्षण घेतलेला. पण नोकरीसाठी मोजायला पैसा नाही म्हणून पुन्हा तोट्याच्या शेतीत रुतलेला. नव्वदीतील पदवीचे पुढे काय झाले, हे आमच्या ढिगातील सर्व अंकांहून ही एक कादंबरी अधिक सांगते. कादंबरीकाराला जे धैर्य झाले ते आठवण लिहिणाऱ्यास का होऊ नये? आठवण ही तर सत्य सांगण्याची अधिकच बांधिलकी पत्करते.

सेमिनरीत आम्हांस संत ऑगस्टीन यांचा ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ वाचायला लावला होता. इसवी सन ४०० च्या सुमारास लिहिलेल्या या आत्मनिवेदनात विद्यार्थिजीवनाच्या आठवणी आहेत, हे आमच्या तेव्हा फारसे ध्यानात आले नव्हते. सोळाव्या वर्षी ऑगस्टीनला शिक्षण थांबवून घरी बसावे लागले, कारण कार्थेजला पाठवण्याइतका पैसा वडिलांपाशी नव्हता. तो जमेपर्यंत एक वर्ष गेले. पुढे कार्थेजमध्ये नवागतांना छळणारी विद्यार्थ्यांची एक टोळी होती. तिची कृत्ये आपणांस घृणास्पद वाटत, तरीही आपण तिच्या सहवासात राहिलो, आणि आपण तिच्यासारखे नाही याचीच उलट लाज वाटे, असे तो कबूल करतो. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा विद्यार्थी खानावळीच्या फजितीपाशी थांबत नाही. आपली आठवण आपल्याच विरुद्ध साक्ष देऊ शकते, हे त्याला ठाऊक आहे.

आणि इतके दूर जाण्याचीही गरज नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणजे आठवणींचा संग्रहच होय. श्रीचक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्यांकडे म्हाइंभट स्वतः गेले, ज्याने जे पाहिले वा ऐकले ते त्याच्याकडून विचारून घेतले आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. एकाच्याच स्मरणावर ते विसंबले नाहीत. ज्या मातीत आठवणी गोळा करण्याची अशी शिस्त सातशे वर्षांपूर्वी रुजली, त्या मातीतील पदवीधरांकडून थोडी अधिक अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.

येथे आम्हांस आमच्याच लेखाविषयी बोलले पाहिजे, कारण वरील सर्व दोष त्यात आहेत. आमचे वडील अकोल्याला रेल्वेत नोकरीस होते आणि पगार महिन्याच्या महिन्याला येत असे. अमरावतीला आम्ही एका भाड्याच्या खोलीत राहिलो. स्मरणिकेतील लेखात त्या खोलीचे, गळक्या कौलांचे आणि ‘आमच्या’ रॉकेलच्या स्टोव्हचे वर्णन आम्ही मोठ्या चवीने केले. मेळाव्यात ते वाचून दाखवले, तेव्हा टाळ्याही मिळाल्या.

काही महिन्यांनी एक फोन आला. पहिले वर्षभर त्या खोलीत आमच्यासोबत राहिलेला मित्र बोलत होता. तो खारपाणपट्ट्यातील एका गावचा. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर तो परतलाच नव्हता. पाऊस दगा देऊन गेला होता आणि मागच्या हंगामाचे देणेही फिटले नव्हते. पूर्वी तो आम्हांस ‘बे’ म्हणे. आता ‘फादर’ म्हणाला, आणि ‘तुम्ही’ म्हणाला. त्याच्या मुलीने कोठूनसा अंक आणला होता. तो एवढेच म्हणाला, ‘फादर, लेख वाचला तुमचा. खोली बराबर आली. पन मी नाई दिसलो कुठी.’ आवाजात राग नव्हता. थोडे थांबून, हसून त्याने जोडले, ‘अन् तो इस्टो माहा होता.’

खरेच होते. तो गेला तेव्हा स्टोव्ह मागे राहिला. पुढची दीड वर्षे आम्ही त्यावर चहा केला, आणि तीस वर्षांनी तो ‘आमचा’ म्हणून छापला. आम्ही खोटे लिहिले नव्हते. आमच्या आठवणीत तो स्टोव्ह आमचाच झाला होता. स्मरणरंजन माणसाला कसे बेमालूम मालक करून टाकते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्यापाशी नाही.

त्यानंतर आम्ही त्याच्या गावी जाऊन आलो. त्याच्याकडून त्या वर्षाच्या ज्या गोष्टी ऐकल्या त्या आमच्या आठवणींशी ठिकठिकाणी जुळत नाहीत. कौले गळत नव्हती, असे तो म्हणतो. गळत होती ती त्याच्या घरची. आमचा लेख आम्ही पुन्हा लिहीत आहोत, आणि जेथे दोघांचे जुळत नाही तेथे दोन्ही म्हणणी ठेवणार आहोत.

पुढील स्मरणिका ज्यांच्या हाती आहेत त्या संपादकांस आमची एवढीच विनंती आहे. लेख मागवण्यापूर्वी प्रथम वर्षाचा हजेरीपट मिळवावा. अंतिम वर्षाच्या यादीत जी नावे आढळत नाहीत त्यांच्याखाली रेघ ओढावी. त्यांपैकी दोघांकडे जरी कोणी जाऊन बसला, त्यांचे त्यांच्या बोलीत ऐकून लिहून आणले, तरी तो अंक कपाटात ठेवण्यासारखा राहणार नाही. ज्या संताचे नाव आज त्या विद्यापीठाला आहे, ते स्वतः शाळेत शिकले नव्हते आणि तरीही गोरगरिबांच्या मुलांनी शिकावे म्हणून गावोगाव सांगत फिरले. वर्गाबाहेर राहिलेल्यांची विचारपूस करणे, हे त्या नावाच्या पदवीधरांस अशक्य असू नये.

आमच्या मित्राचा तो स्टोव्ह आता राहिलेला नाही. आमच्या नव्या लेखात तो त्याच्या नावे नोंदवला आहे.