‘अनादि’ सरोवरे आणि आमचे सृष्टिवर्णन

आमच्या मराठी सृष्टिवर्णनात ‘अनादि’ हे विशेषण फार स्वस्त झाले आहे. पनवेलच्या वडाळे तळ्याच्या काठी कोणी लेखणी घेऊन बसला, की तळे अनादि, खाडी अनादि, आणि दूरचा कर्नाळ्याचा सुळका तर त्याहूनही अनादि! सुळक्याचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा असल्यामुळे त्याच्यापुरती ही अतिशयोक्ती आम्ही क्षम्य मानू. खाडीची गोष्ट निराळी. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, म्हणजे सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, पृथ्वीवरील पाणी हिमराशींत इतके अडकून पडले होते की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. पनवेलला खाडीच नव्हती. बर्फ वितळत गेले तसा समुद्र चढत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावला. पलीकडे मुंबईस, १८८० साली खुली झालेली प्रिन्सेस गोदी खणताना, भरतीच्या रेषेखाली खैराचे बुंधे मुळांसकट उभे सापडले. तेथे समुद्र चढला की जमीन खचली, हा वाद होऊ शकेल. रान बुडाले, हा नाही.

सरोवराच्या काठाचा इतिहास वाचावयाचा तर मात्र घाट चढून बुलढाणा जिल्ह्यातील लोणारास जावे लागते. उल्कापाताने झालेल्या त्या विवराच्या तळाशी थरावर थर साचलेला गाळ संशोधकांनी नळ्या घालून काढला व तपासला. हिमयुग ओसरल्यावर, सुमारे ११,००० वर्षांपूर्वी, पाऊस बळावला व सरोवर भरले. पुढे पाऊस मंदावला, काठची झाडी विरळ होऊन गवत वाढले. ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी, आणि पुन्हा २,००० ते ६०० वर्षांपूर्वी, पाणी इतके आटले की गाळात गेलुसाइट या क्षाराचे स्फटिक धरले. ज्या दैत्यसूदनाच्या मंदिराचे वर्णन आमचे प्रवासलेखक रंगवून करतात, ते या दुसऱ्या अवर्षणाच्या कालखंडातले आहे, हे त्यांपैकी किती जणांच्या ध्यानात आले असेल?

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आम्हांस अतिशय प्रिय आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचा फेरा त्यांनी डोळसपणे पाहिला. परंतु त्यांच्या मागून आलेल्या अनुकरणकारांनी ती दृष्टी सोडून चक्र तेवढे उचलले. सृष्टी जणू वर्षाअखेर मूळ जागी येऊन बसते! विशेष हे की, जुने क्षेत्रमाहात्म्य या बाबतीत अधिक शहाणे ठरते. लवणासुर मारला गेला म्हणून लोणार झाले, असे ते सांगते. निदान येथे एकदा काही घडले, हे त्यास मान्य आहे. परशुरामाच्या कथेत समुद्र मागे हटतो. दिशा उलटी असली तरी किनारा हलतो, हे कथेला ठाऊक आहे.

विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडून सपाट झाली, नदीचे पात्र वळविले गेले, तेव्हा ‘अनादि सृष्टीचा घात झाला’ असा विलाप कानांवर आला. विलापाशी आमचे भांडण नाही. पण अनादि म्हटल्यावर वयच उरत नाही. सहा-सात हजार वर्षांत भरती-ओहोटीने घडविलेला काठ एका पिढीच्या देखत बदलला, असे कोणी लिहिले असते, तर ते वाक्य आम्ही पुन्हा वाचले असते.