मैफलीतील कुमार गंधर्व

ज्या गायकाच्या नावाभोवती त्याच्या हयातीतच दोन पक्ष उभे राहिले, त्याच्या कलेविषयी निवांतपणे लिहिणे सोपे नसते. कुमार गंधर्व १९९२ साली निवर्तले, २०२४ साली त्यांची जन्मशताब्दीही झाली; तथापि वाद शमलेला नाही. एक पक्ष त्यांस युगप्रवर्तक मानतो. दुसरा म्हणतो की त्यांनी रागाचे तुकडे केले. ह्या वादाचा निर्णय ध्वनिमुद्रिकांवरून होणार नाही. तो मैफलीच्या स्मरणावरूनच करावा लागेल, असे आमचे मत आहे.

त्यांच्या अखेरच्या काही वर्षांत त्यांस समोर बसून ऐकण्याचा योग आम्हांस आला. प्रथम ध्यानात येई ती तंबोऱ्यांची निगा. तंबोरे मनाजोगे जुळेपर्यंत ते गाण्यास आरंभ करीत नसत, आणि असे जुळलेले तंबोरे वाजू लागले की दिवाणखाना स्वराने भरून जाई. मग एखादा स्वर तारसप्तकात विजेसारखा चमके, लगेच आवाज कुजबुजीइतका खाली येई, आणि पुढची स्वरपंक्ती अर्ध्यावरच थांबे. त्या विरामात तंबोरा बोले, आणि राहिलेली पंक्ती श्रोता मनातल्या मनात पुरी करी. ध्वनिमुद्रिकेत हीच जागा केवळ रिकामी भासते. मैफलीत ती रिकामी नसे, कारण तेथे शेपन्नास माणसांनी श्वास रोखून धरलेला असे.

ह्या तुटक आविष्काराचे कारण पुष्कळजण त्यांच्या आजारात शोधतात. १९४८ साली ते देवासला राहावयास गेले तेव्हा त्यांस क्षयाने ग्रासले होते. एक फुप्फुस निकामी झाले, आणि सुमारे पाच वर्षे गाणे बंद राहिले. परंतु व्याधीने कंठावर बंधने घातली, एवढ्याने शैलीचा उलगडा होत नाही. दम कमी पडलेले गायक अनेक असतात. त्यांचे गाणे केवळ उणे होते. कुमारांनी विरामाला अर्थ दिला. बालपणी थोरामोठ्यांच्या गायकीची हुबेहूब नक्कल करून ज्याने वाहवा मिळविली, त्याने ती सारी आयती संपत्ती बाजूस सारून प्रत्येक रागास नव्याने प्रश्न विचारला, ही गोष्ट फुप्फुसाच्या हिशेबात बसत नाही. रुग्णशय्येवर कानी पडणाऱ्या माळव्याच्या लोकगीतांत त्यांस रागाचे मूळ दिसले. मालवती, संजारी यांसारखे 'धुनउगम' राग त्यांनी त्या चिंतनातूनच बांधले. म्हणजे त्यांचा प्रयोग परंपरा मोडण्यासाठी नव्हता, तिच्या उगमाकडे जाण्यासाठी होता.

म्हणून विरोधी पक्षाचा आक्षेप सर्वस्वी खोटा ठरतो असे नाही. देवासच्या शेजारच्या इंदूरचे अमीर खाँ विलंबित ख्याल ज्या धीराने, एकेका स्वरास वसवीत, वाढवीत नेत, ती भव्य वास्तू कुमारांच्या गाण्यात सहसा उभी राहत नाही. तेथे क्षणांची तीव्रता आहे, विस्ताराचे समाधान थोडे. सतराव्या शतकातील इंग्रज कवी जॉन डन याच्याविषयी त्याचा समकालीन बेन जॉन्सन म्हणे की छंदातील आघात न पाळल्याबद्दल हा फाशीस पात्र आहे. आणि तोच जॉन्सन काही बाबतींत त्याला जगातील पहिला कवी मानी. एकाच रसिकाने ही दोन्ही मते बाळगावीत, यात विसंगती नाही. कुमारांविषयीही आम्हांस तसेच वाटते.

खरी चिंता अनुकरणाची आहे. तुटलेली स्वरपंक्ती, अकस्मात चढविलेला तारस्वर, मध्येच सोडलेला शब्द हे सारे उचलणे सोपे. त्यामागील रागविचार आणि तंबोऱ्याची ती साधना उचलणे कठीण. पहिले घेऊन दुसरे सोडणाऱ्या गायकांचे गाणे ऐकताना विराम पुन्हा नुसते विराम होतात. कुमारांपासून शिकावयाचे असेल तर त्यांची लकब न घेता त्यांचा प्रश्न घ्यावा: हा राग असाच का, आणि मला तो कसा दिसतो? त्याचे उत्तर कुमारांसारखे आले नाही, तरी ते त्यांच्याच परंपरेतले ठरेल.