अन्न हे अपूर्णब्रह्म

नैवेद्य दाखवून मगच पानावर बसणाऱ्या आम्हा देवळी मंडळींस श्री. शाहू पाटोळे यांच्या ग्रंथाचे नावच प्रथम टोचते. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या चुलींचा वृत्तान्त होय. तेल, तूप, दूध यांची वानवा. इतरांनी टाकलेले, उरलेले पदरात घेऊन रांधावयाचे. मांस मिळालेच तर उन्हात वाळवून चान्या करून ठेवावयाच्या. दूध ज्या घरी येतच नाही, तेथील लेकरांस पथ्यापथ्य काय सांगावे?

सात्त्विक, राजस, तामस ही वर्गवारी पदार्थांची की माणसांची, असा लेखकाचा रोख आहे. आमच्या वकिली बुद्धीस तो पटतो. निवडीचा दोष लावण्यापूर्वी निवड करण्याची मुभा होती, हे सिद्ध करावे लागते. येथे तो पुरावाच नाही. उचगावी मळेकरणीच्या आमराईत मंगळवारी, शुक्रवारी पंगती उठत असत. हा ग्रंथ वाचल्यावर पत्रावळीत टाकलेला भात आम्हास निव्वळ कचरा म्हणून पाहवेना.

लेखणी जागोजागी तिखट होते. तशी नसती तर आम्ही चार पाककृती उतरवून घेऊन ग्रंथ मिटला असता!

श्री. भूषण कोरगावकर यांचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने निघाला. ग्रंथ दूरवर पोहोचला, हे उत्तमच; मात्र मूळ नावातला वाद गळाला आणि नुसता पत्ता उरला.