अपराधाचा घाट आणि स्त्रीची आकांक्षा

जेम्स एम. केन यांच्या ‘मिल्ड्रेड पिअर्स’ या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत खून नाही. मायकेल कर्टिझ यांनी १९४५ साली वॉर्नर ब्रदर्ससाठी दिग्दर्शित केलेल्या तिच्या चित्ररूपाचा आरंभ मात्र पिस्तुलाच्या बारांनी होतो. मुख्य पात्रे व त्यांची परस्परनाती बव्हंशी तशीच ठेवून, केवळ कथेचा घाट पालटल्याने आशयाचा नैतिक अर्थ किती दूरवर बदलू शकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल. म्हणूनच रूपांतराचा विचार करणाऱ्याने या एका भेदापाशी थांबावयास हवे.

कादंबरीचा काळ मंदीचा आणि स्थळ कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल. पतीपासून विभक्त झालेली, दोन मुलींची आई असलेली मिल्ड्रेड प्रथम घरी केक भाजून विकते, मग वेट्रेस होते आणि अखेर स्वतःची उपाहारगृहे उभारते. थोरली मुलगी वेडा आईच्या कष्टांचा तिरस्कार करते आणि त्या कष्टांच्या पैशावरच मिजास करते. केन यांचे लक्ष आहे ते हिशेबावर : किती भांडवल लागले, उधारी कोणाकडून मिळाली, स्वयंपाकघर कसे चालले. मिल्ड्रेडचा व्यवसाय बुडतो तोही हिशेबातूनच, मुलीचे मन राखण्यासाठी केलेल्या अवाच्या सवा खर्चामुळे. शेवटी वेडा माँटी बेरागॉनबरोबर, म्हणजे आईच्याच दुसऱ्या पतीबरोबर, निघून जाते. कोणाला अटक होत नाही. केन पात्रांना निष्ठुरपणे न्याहाळतात. पण न्यायाधीशाच्या आसनावर बसत नाहीत.

चित्रपटात हे आसन पहिल्याच प्रसंगात मांडले गेले आहे. माँटीचा खून झाला आहे, पहिला पती बर्ट याच्यावर संशय आहे, आणि मिल्ड्रेड पोलीस अधिकाऱ्यासमोर आपले आयुष्य सांगते आहे. परिणामी तिचा सारा उत्कर्ष म्हणजे एक जबानी ठरते. ‘ही स्त्री वर कशी आली?’ या प्रश्नाची जागा ‘हिने खून केला काय?’ हा प्रश्न घेतो. दिवसाच्या सपाट, स्वच्छ प्रकाशात दिसणारे तिचे स्वयंपाकघर रात्रीच्या सावल्यांनी दोन्ही बाजूंनी वेढलेले आहे. तेथे तिने केलेले प्रत्येक काम नकळत पुरावा बनते. खून वेडाने केल्याचे शेवटी उघड होते. कायद्याने मिल्ड्रेड निर्दोष ठरते. परंतु मुलीच्या गुन्ह्याचे मूळ आईच्या आकांक्षेत असल्याचा आरोप हा घाट तिच्यावर ठेवतो, आणि त्या आरोपातून तिची सुटका होत नाही.

या बदलाला बाह्य कारणे होती. निर्माते जेरी वॉल्ड यांना खुनाची चौकट हवी होती. आणि १९३४ पासून कडकपणे अंमलात आलेली हॉलिवुडची निर्मितिसंहिता दुराचाराला शासन झालेले पाहू इच्छीत होती. केन यांच्याच कथेवरील, बिली वाइल्डर दिग्दर्शित ‘डबल इन्डेम्निटी’ हा चित्रपट १९४४ साली येऊन गेला होता. तेथील फिलिस विम्याच्या पैशासाठी पतीचा खून घडवून आणते. तिच्या लोभात श्रमाचा अंश नाही. अपराधाचा घाट तिला शोभतो, कारण तिची आकांक्षा हीच अपराध आहे. तोच पेहराव मिल्ड्रेडच्या प्रामाणिक उद्योगावर चढविला की श्रम आणि लोभ यांतील भेदच पुसट होऊ लागतो.

तथापि एवढ्यावर निर्णय देणे अन्यायाचे होईल. फिलिसची कथा तिचा साथीदार वॉल्टर सांगतो. ती स्वतः कधीच निवेदिका होत नाही. ‘मिल्ड्रेड पिअर्स’ ही कादंबरीसुद्धा तृतीयपुरुषी निवेदनात आहे. चित्रपटाने मात्र मिल्ड्रेडला ‘मी’ दिला. जोन क्रॉफर्ड यांना ज्या भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले, तिचे बळ या ‘मी’त आहे : त्या चेहऱ्यावर पश्चात्तापापेक्षा थकवा अधिक दिसतो, आणि कामाविषयी बोलताना आवाज ताठ राहतो. जबानी घेणाऱ्याने तिला आरोपी म्हणून बसविले; तिने त्या खुर्चीवरून आत्मचरित्र सांगितले. घाट आणि अभिनय यांच्यातील हा झगडा हेच या कलाकृतीचे खरे नाट्य होय.

अखेरच्या दृश्यात हा झगडा मिटत नाही. पहाटेच्या उजेडात मिल्ड्रेड बर्टबरोबर बाहेर पडते. त्याच वेळी तेथे दोन स्त्रिया गुडघ्यांवर बसून फरशी घासत असतात. युद्धसमाप्तीनंतर अल्पावधीतच प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात, कारखान्यांतील स्त्रिया घरी परतू लागल्या असताना, हे दृश्य ‘आपल्या जागी परत जा’ असे सांगते असे म्हणता येईल. पण ज्या श्रमातून मिल्ड्रेड वर आली त्या श्रमाचे, कोणी न पाहिलेले, हे शेवटचे दर्शनही आहे. दिग्दर्शक कोणत्याही एका अर्थाची सक्ती करीत नाही.

टॉड हेन्स यांनी २०११ साली केट विन्स्लेट यांना घेऊन हीच कादंबरी पाच भागांच्या दूरदर्शन मालिकेत मांडली आणि खून वगळला. मूळ कथेला त्याची आवश्यकता नव्हती, हे त्यातून सिद्ध झाले. मूलनिष्ठेच्या कसोटीला ही मालिका अधिक उतरते. परंतु १९४५ च्या रूपांतरात समाजाचे स्त्रीच्या यशाविषयीचे भय उघडे पडले आहे, आणि ते निष्ठेतून नव्हे, तर विपर्यासातून. अनुवादाच्या चुकीतून अनुवादकाची भाषा कळते, तसा या घाटातून तो काळ कळतो. म्हणून मूळ कादंबरी आणि हा चित्रपट शेजारी ठेवूनच वाचावयास हवेत.